गोठ्यामागचा कोनाडा

दुकानात बसायला बंदी होती आणि राजलक्ष्मी बसली. ठरवून बसली असं नाही. दुपारची वेळ, गिऱ्हाईक एकही नाही, काउंटरवर दोन इरकली साड्या उलगडून पडलेल्या. त्यांच्या ढिगाआड धरलेल्या मोबाईलवर तिनं ती क्लिप पाहिली आणि ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर टेकली. लगेच छतातल्या कॅमेऱ्यातून आवाज आला, "राजी मॅडम, ते स्टूल गिऱ्हाइकासाठी हाय." मालक त्या वेळी पिंपळीला आपल्या द्राक्षाच्या बागेत होता. बारामतीच्या भर पेठेतल्या दुकानात कोण बसलं, कोण उठलं, कुणी जांभई दिली, हे त्याला बागेत उभ्या उभ्या दिसत होतं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत राजलक्ष्मी उठून उभी होती, पदर सारखा केलेला, चेहऱ्यावर गिऱ्हाइकापुढचं हसू. तिला पहिला राग आला तो याचाच. अंगात सगळं जळत असताना आपलं तोंड हसतं कसं? ते कुणाच्या हुकमानं हसतं? मग ती क्लिप तिनं पुन्हा पाहिली, आणि या खेपेला उभ्यानं पाहिली.

क्लिपमध्ये तिच्या माहेरचा गोठा होता, सणसरचा. सकाळचा धुरकट उजेड. गोठ्याच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्याच्यासमोर एक म्हातारी येते. इकडंतिकडं बघते, कोनाड्यात हात घालते, डबा काढून पदराखाली धरते आणि वाकून निघून जाते. एवढंच. खाली लिहिलेलं, 'गोठ्यातला चोर सापडला. ओळखा पाहू.' पुढं पिवळ्या तोंडांची हसणारी रांग. गावच्या ग्रुपवर हे टाकणारा सोपान, राजलक्ष्मीचा सख्खा धाकटा भाऊ. आणि ती म्हातारी कुशाबाई, तिची सख्खी चुलती, भिंतीपलीकडच्या घरात राहणारी. ओळखायला कुणाला वेळ लागला नव्हता. गावातल्या पोरांनी, बाप्यांनी, सोसायटीच्या संचालकांनीसुद्धा खाली आपापली अक्कल पाजळली होती. एकानं लिहिलं होतं, 'वय काय, धंदे काय.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'कर नाही त्याला डर कशाला? बघते कशी इकडंतिकडं.'

कर नाही त्याला डर कशाला! ही म्हण मालकाचीही लाडकी होती. दुकानात कॅमेरे बसवले त्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांना पेढा देऊन ती ऐकवली होती. ज्यानं कुणी ही म्हण काढली त्याला बाईच्या जन्माची काही माहिती नसणार, असं राजलक्ष्मीला तेव्हाच वाटलं होतं. दिवसभर उभं राहून पाय सुजतात तेव्हा काउंटरखाली एक चप्पल काढून तो पाय दुसऱ्या पायावर घासायचा, यात कर कसली? पण डर होती. जांभई नाकानं द्यायची. पाळीच्या दिवसांत पोटावर हात ठेवायचा तर साडीची घडी पोटाशी धरल्यासारखं करून ठेवायचा. दुकानातल्या सगळ्या बायका आता ओठ न हलवता बोलायला शिकल्या होत्या. नजर साडीवर, हात निऱ्यांवर, ओठ मिटलेले, आणि त्यातून सासूच्या शिव्या, पोरांचे ताप, नवऱ्याचे रुसवे असं सगळं बाहेर यायचं. नवी आलेली मोनासुद्धा महिन्याभरात तयार झाली. आत्ताही ती शेजारून तशीच म्हणाली, "काय झालं, आक्का?" राजलक्ष्मीनंही ओठ न हलवता सांगितलं, "घरी चालले." आणि मग तिला स्वतःची किळस आली. एवढी मोठी बाई, लग्नाला आलेली पोर पदरात, आणि 'घरी चालले' हे चोरून सांगायचं? तिनं तेच पुन्हा तोंड उघडून मोठ्यानं सांगितलं, काउंटरखालची पिशवी उचलली आणि दारातून बाहेर पडली. मागं छत बोलत होतं, "राजी मॅडम, कुठं? राजी मॅडम?" ती वर बघायला थांबली नाही. उद्या काय व्हायचं ते होईल.

सणसरला जायला इंदापूरची एसटी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. रस्त्यावर उसानं भरलेले ट्रॅक्टर पुढं आणि एसटी त्यांच्या मागं. अशा वेळी ती नेहमी वैतागायची, आज तो संथपणा तिला बरा वाटला, कारण रागाला नीट बसायला वेळ मिळत होता. तो डबा तिनं लहानपणापासून पाहिला होता. तिचे वडील, आबा, आणि धाकटे चुलते गेणबा यांचं कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं तेव्हा ती परकरी पोर होती. रात्रीतून कुणी पाटाचं बारं फोडलं, कुणाचा ऊस वाळला, कुणी कुणावर खोरं उगारलं, हे सगळं पुरुषांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यातलं खरं काय ते कुणालाच ठाऊक राहिलं नव्हतं. आबांनी देवाची आण घातली होती. त्या घराचं पाणी प्यायचं नाही, त्या दारात पाय ठेवायचा नाही, नाव घ्यायचं नाही. गेणबानं पलीकडून तीच आण घातली. भावकीच ती, एक हटला की दुसरा पेटायचा. पण भांडण झालं त्या दिवशी कुशाकाकीचा एक पितळी कडीचा डबा आईकडं राहिला होता. सकाळी काकीनं त्यातून खरवस पाठवला होता, संध्याकाळी आण पडली. आता तो डबा परत कसा द्यायचा? आणि द्यायचाच तर रिकामा कसा द्यायचा? आईचं, बनाबाईचं, सगळं शास्त्र त्या एका गोष्टीत होतं. कुणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत पाठवायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. रिकामं भांडं दिलं म्हणजे आपलं तुमचं संपलं.

म्हणून आईनं त्यात गूळ-शेंगदाणे घातले आणि कुणाचं लक्ष नसताना गोठ्याच्या मागच्या कोनाड्यात डबा ठेवला. ती भिंत दोन्ही घरांच्या मधली, काकीला पलीकडून चार पावलं टाकली की हात पुरायचा. डबा गेला. आठवड्याभरानं तो कोनाड्यात परत आला, आणि आता काकीच्या शास्त्राप्रमाणं तोही रिकामा नव्हता. कुरडया होत्या. मग ते कधी थांबलंच नाही. भांडी-बोळकी लपवून ठेवणाऱ्या, एकमेकींचं नाव न घेणाऱ्या, विहिरीवर समोर आल्या तर पाठ फिरवणाऱ्या त्या दोघी जावा, आणि मध्ये तो डबा ये-जा करत राहिला. कुणाची गाय व्याली, कुणाकडं पुरण शिजलं, कुणाच्या पोरीचं जमलं, हे डबाच सांगायचा. राजलक्ष्मीच्या बाळंतपणात त्यातून डिंकाचे लाडू आले होते. गेणबा गेला तेव्हा आबांनी आईला सांत्वनाला जाऊ दिलं नाही. आईनं त्या दिवशी डब्यात दूध-भात घातला, वर तुपाची धार सोडली, आणि डबा ठेवताना तिचं तोंड कसं झालं होतं ते राजलक्ष्मीनं पाहिलं होतं. पुढं आबाही गेले. आण घालणारे दोघं गेले तरी आण राहिली, कारण पोरांनी ती शेताच्या बांधासारखी वाटून घेतली. सोपाननं इकडची घेतली, काकीच्या सौरभनं तिकडची.

आणि आता सोपाननं मोटारीची केबल चोरीला गेली म्हणून कॅमेरे लावले. एक गोठ्याच्या खांबावर, एक ओट्यावर. सापडलं काय, तर घरातली एकुलती एक जिवंत माया सापडली. तिला त्यानं चोर म्हणून गावापुढं उभं केलं. राजलक्ष्मीला एसटीत बसल्या बसल्या भावाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. बंगला बांधला, ट्रॅक्टर घेतला, आणि आईच्या आयुष्यात कोनाडा म्हणून काही असतं हे या पठ्ठ्याला कधी दिसलं नाही. कॅमेऱ्यालाही दिसलं नाही, त्याला फक्त हात दिसला. डबा ठेवणारा हात आदल्या दिवशी त्याच जागी आला असणार. तो का नाही दिसला? दिसला असेल आणि आपल्याच आईचा म्हणून सोपाननं तो पुसून टाकला असेल. आपला तो बाब्या. हा विचार आला आणि तिनं आईला फोन लावला. आई कुजबुजली, "ये की. पर फोनवर काय बोलू नगं." फोन ठेवला.

घरी पोचली तेव्हा सोपान उसाच्या तोडीवर गेलेला होता आणि आई ओट्यावर बसली होती. तिला तसं बसलेलं बघून राजलक्ष्मी फाटकातच थांबली. तिची आई म्हणजे पाय लांब सोडून बसणारी, मशेरी लावणारी, कोंबड्यांना नावं ठेवणारी, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकून चहाला बोलावणारी बाई. आता ती मांडी घालून, डोक्यावर पदर घेऊन, हात मांडीवर ठेवून बसली होती, फोटो काढायला बसवल्यागत. वर कॅमेऱ्याचं काळं डबडं, त्यात लाल ठिपका. "बरी हायस का, आई?" असं राजलक्ष्मीनं विचारलं, तर आई वर बघत म्हणाली, "बरं हाय. समदं बरं हाय." मशेरी ती आता न्हाणीत जाऊन लावत होती. केस घरात विंचरत होती. आजवर कुणाचा बाप तिला हे करायला लावू शकला नव्हता, आबासुद्धा नाही.

स्वयंपाकघरात गेल्यावर आईनं दार लोटलं आणि मग तिचा आवाज तिच्या गळ्यात परत आला. राजलक्ष्मीनं विचारलं, "डबा तूच ठेवलेला ना?"

"मग कोण ठेवणार? संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या व्हत्या."

"सोप्यानं तुला विचारलं नाही?"

"इचारलं की. वट्यावर उभं करून इचारलं. आई, तू कोनाड्यात काय ठेवलं व्हतंस का म्हणून."

"मग?"

आईनं चुलीवरचं नसलेलं भांडं सारखं केल्यासारखा हात हलवला. "न्हाय म्हणले."

राजलक्ष्मीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "न्हाय म्हणलीस?"

"ते वर लाल दिसत व्हतं, राजे. समदं गाव ऐकत व्हतं. तुझ्या बापाची आण मी एवढी वर्सं मोडली हे समद्या गावाला सांगू? मेलेल्या माणसाला खाली बघाया लावू?"

"गाव ऐकत नाही आई. ते फक्त सोप्याच्या मोबाईलमध्ये जातं. त्यातलं त्याला पाहिजे ते तो पुढं पाठवतो."

"तुला काय म्हाईत? कुशीचं त्यानं टिपलं ते गावभर गेलं का न्हाय? मग माझं बोलणं जायाचं न्हाय व्हय?"

आईच्या बाजूनं बघितलं तर ती चूक कुठं होती? डबड्यानं बघितलं आणि गावानं बघितलं, यांच्या मधे सोपानचा अंगठा असतो हे तिला कुणी दाखवलं होतं? तिच्या लेखी ते डबडं म्हणजे पाटलाच्या दारातला पार होता, तिथं बोललेलं सगळ्यांचं. राजलक्ष्मीनं तीनदा समजावलं. आई मान डोलावत राहिली आणि शेवटी म्हणाली, "व्हय, पर तू हळू बोल."

मग ती उठली आणि काकीकडं गेली. लपून गेली नाही, फाटकातून, रस्त्यानं, उजेडी गेली. आण पडल्यापासून पहिल्यांदा त्या उंबऱ्यात तिचा पाय पडत होता, आणि घर आतून अजून आपल्या घरासारखंच आहे, तीच ठेवण, तीच चूल, तोच देव्हारा, हे बघून तिला रडू यायच्या ऐवजी आणखी राग आला. कुशाबाई पिशवीत लुगडी भरत होती. वाळकी, ताठ, बोलण्यात पहिल्यापासून फटकळ.

"बस," ती म्हणाली. "सौरभ यायचाय गाडी घिऊन. बारामतीला न्हेतोय. म्हणतोय, गावात तोंड दाखवाया जागा ठेवली न्हाईस. आता तितं चवथ्या मजल्यावर बसायचं."

"कायमचं?"

"घराला कुलूप घालतोय म्हंजी कायमचंच की."

"काकी, तुम्ही त्याला सांगितलं का नाही? डबा आईनं ठेवला होता म्हणून?"

कुशाबाईनं लुगड्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "त्यानं इचारलं, घेतलास का? म्हणलं घेतला. घेतला व्हताच की. कुणी ठेवला ते तिनं सांगायचं. तिच्या घरातलं हाय ते. मी कशाला तिचं घर फोडू?" मग ती म्हणाली, "चोर म्हणाले त्याचं मला काय न्हाय, राजे. मेल्यांची तोंडं हायत, बोलू देत. पर बाई न्हाय म्हणल्या. मला शेजारच्या पोरानं यिऊन सांगितलं, सोपान सांगत फिरतोय, तुझी जाऊ कॅमेऱ्यापुढं न्हाय म्हणली. ते मला लागलं."

बाई म्हणजे आई. एवढी वर्षं नाव न घेता, तोंड न बघता, काकी तिला बाईच म्हणत होती. फळीवर डबा होता, घासून लख्ख केलेला, आणि झाकण उघडून न बघताही त्यात काहीतरी असणार हे राजलक्ष्मीला कळलं. "मी सगळ्यांना सांगते," ती म्हणाली. "आत्ता जाऊन डेअरीवर उभी राहून सांगते."

"तू सांगशील आन् एसटीत बसून जाशील," काकी म्हणाली. "तिला हितंच ऱ्हायाचंय."

परत येताना तिचा राग कुणावर आहे हे तिला धड सांगता आलं नसतं. सोपानवर होता, मालकावर होता, पिवळ्या तोंडाच्या त्या रांगेवर होता. पण अंगणात पाय टाकला आणि तो सगळा आईवर पडला. राग जवळच्यावरच पडतो. ती ओट्यासमोर, डबड्याच्या बरोबर खाली उभी राहिली आणि चढ्या आवाजात म्हणाली, "तिनं तुझं नाव घेतलं नाही आई. पोरानं घराबाहेर काढली तरी घेतलं नाही. आणि तू तिला चोर करून पदर घेऊन बसलीस. आबांची आण म्हणे! आण मोडताना तुला भीती वाटली नाही, पोळ्या भाजताना वाटली नाही, आणि एका डबड्याची वाटली? संध्याकाळी ती जाणार. मग घाल कोनाड्यात काय घालायचं ते, उंदरांना." शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनंसुद्धा मान वर केली. आईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा वर बघितलं, आणि उठून आत गेली. दार लागलं. राजलक्ष्मी अंगणातच उभी राहिली. आपण फार बोललो हे तिला कळत होतं आणि एक शब्दही मागं घ्यावासा वाटत नव्हता.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. आईनं तोंड धुतलं होतं, आबा गेल्यापासून कुंकवाविना हिरवं गोंदण तेवढं राहिलेलं कपाळ स्वच्छ होतं, आणि अंगावर लग्नाकार्यात नेसायची मोरपंखी इरकल होती. ती ओट्याच्या कडेला आली. डबड्याच्या समोर नीट उभी राहिली. हात जोडले.

"समद्यांनी ऐका," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदा चिरकला, मग लागला. "मी बनाबाई. डबा माझ्या हातानं मी ठेवला व्हता. ह्या खेपेचाच न्हाय, आमच्या मालकांनी आण घातली तवापासनं ठेवते. कुशी घिऊन जाती आन् भरून परत ठेवती. तिनं कदी रिकामा पाठवला न्हाय. ती चोर न्हाय. परवा मी न्हाय म्हणले ते खोटं. भ्याले म्हणून म्हणले. मालकांची आण मी मोडली, त्याचं पाप माझं. काय बोलायचं ते मला बोला. कुशे, ऐकतीस न्हवं? तू जाऊ नगं." मग काय करायचं हे तिला सुचलं नाही. तिनं जोडलेले हात कपाळाला लावले, देवळात लावतात तसे, आणि खाली बसली. "झालं बाई," ती म्हणाली. "सुटले." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओट्यावर पाय लांब केले.

ज्या समजुतीनं आई मुकी झाली होती त्याच समजुतीवर तिनं एवढं धाडस केलं होतं. तिच्या लेखी सणसरच्या घराघरांत आत्ता तिचा आवाज पोचला होता. तो पोचला होता एकाच ठिकाणी. उसाच्या फडातून सोपानची मोटरसायकल धूळ उडवत आली. तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, हातात मोबाईल.

आईनं त्याला लहान पोरीसारखं विचारलं, "सोपाना, समद्यांनी ऐकलं न्हवं?"

सोपाननं बहिणीकडं बघितलं. मोबाईलवर त्याचा अंगठा हलला, थांबला, पुन्हा हलला. "व्हय, आई," तो म्हणाला. "समद्यांनी ऐकलं."

"कुशीनं?"

"तिनंबी."

राजलक्ष्मीनं त्याला दंडाला धरून गोठ्याकडं ओढलं. "ते ग्रुपवर टाक. आत्ता, माझ्यासमोर."

"काढून टाकलं."

"काय?"

"आक्का, घरातलं घरात ऱ्हाऊ दी. आईनं आबांना जन्मभर फसवलं हे मी माझ्या हातानं गावाला दाखवू? सोसायटीत मला उठताबसता टोमणे बसतील. आईची आब्रू हाय का न्हाय?"

"आणि काकीची?"

"त्यांचं त्यांनी बघावं." पण हे म्हणताना तो तिच्याकडं बघत नव्हता, खांबावरच्या कॅमेऱ्याकडं बघत होता. आपणच लावलेल्या डबड्याखाली तो आवाज दाबून बोलत होता, ओठ जवळजवळ न हलवता. ते तिच्या लक्षात आलं आणि त्याच्याबद्दल क्षणभर वाटू लागलेली कीवही रागातच मिसळली.

पलीकडं गाडीचा आवाज झाला. सौरभ आला होता. राजलक्ष्मी पळत रस्त्यावर गेली. कुलूप लागलं होतं, पिशव्या डिकीत गेल्या होत्या, कुशाबाई मागच्या काचेआड मांडीवर डबा धरून बसली होती. राजलक्ष्मी गाडीपुढं उभी राहिली आणि दोन्ही हात तिनं बॉनेटवर आपटले. सौरभ काच खाली करून बाहेर वाकला. बारामतीत नोकरी करणारा, नीटनेटका, दोन दिवसांत न झोपलेला माणूस. तिनं त्याला सगळं सांगितलं. गेणबाच्या भांडणापासून आत्ता आई काय बोलली इथपर्यंत. त्यानं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याच्या आवाजात खरंच आशा होती, "क्लिप हाय का, आक्का?"

"नाही."

"मग कोण ऐकणार? मी उद्या ग्रुपवर काय टाकू? तुमी म्हणला म्हणून?"

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, सौरभ. लहानपणापासून."

"ते खरं आसंल," तो थकून म्हणाला. "पर त्यांच्याकडं क्लिप हाय."

रस्त्यात दोन बायका थांबल्या होत्या. डेअरीकडं निघालेला एक बाप्या कॅन घेऊन उभा राहिला. कुणाचा तरी मोबाईल वर झाला. राजलक्ष्मीला वाटलं तो हिसकावून घेऊन उसात भिरकावून द्यावा. तेवढ्यात मागच्या सीटवरून कुशाबाई म्हणाली, "काय म्हणल्या बाई? नीट सांग. जसंच्या तसं सांग."

राजलक्ष्मी खिडकीशी गेली. मोठ्यानं, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं आईचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. हात कसे जोडले, आवाज कसा चिरकला, 'भ्याले म्हणून म्हणले' कसं म्हणाली, 'तू जाऊ नगं' कसं म्हणाली. सगळं संपल्यावर कुशाबाई म्हणाली, "इरकल नेसल्या व्हत्या?"

"मोरपंखी."

कुशाबाईनं दार उघडायला हात घातला, ते उघडेना, लॉक होतं. "सौरभ, उघड."

"आई, लोक बघायलेत. मोबाईल धरलेत."

"उघड म्हणते ना."

ती उतरली. मोबाईल धरलेल्याच्या अंगावरून, त्याच्याकडं न बघता, रस्त्यानं चालत गेली. सोपान फाटकात उभा होता, तो काही बोलायला गेला आणि बाजूला झाला. कुशाबाई अंगणातून सरळ ओट्यापर्यंत गेली, जिथं पाय ठेवायचा नाही अशी आण होती तिथं बसली, बनाबाईच्या लांब सोडलेल्या पायांशेजारी. डबा मधे ठेवला. इतक्या वर्षांनी शेजारी बसल्यावर कुठं बघायचं हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मग आईनं विचारलं, "ऐकलंस न्हवं, कुशे? मी बोलले ते?"

"ऐकलं, बाई."

"समद्यांनी ऐकलं?"

कुशाबाईनं एकदा फाटकाकडं बघितलं. तिथं आता सातआठ जण जमले होते. राजलक्ष्मीनं सांगितलं ते ऐकूनही त्यांना अजून ती चोरच होती, आणि उद्या बाजारात, देवळात, पाण्याच्या टाकीवर चोरच राहणार होती. "समद्यांनी," ती म्हणाली. "समद्या गावानं ऐकलं."

आई समाधानानं हसली आणि डब्याची कडी काढू लागली. फाटकाजवळच्या एकानं मोबाईल आणखी वर धरला. सोपान तोंड फिरवून उभा होता, सौरभ रस्त्यात गाडीचं दार धरून. बॉनेटवर आपटलेल्या राजलक्ष्मीच्या हातांची आग अजून गेली नव्हती, आणि कुणाच्या तरी थोबाडीत मारावी असं तिला वाटत होतं.